साइन करणाऱ्या डेफ मोठ्या माणसांना 'न केल्यास', 'करण्यात येईल' असली वाक्यं कशी शिकवायची? (सांगली)

विश्रामबाग_संध्याकाळ

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही तिघी-चौघी विश्रामबागेत शनिवार-रविवार संध्याकाळी डेफ लोकांसाठी मराठी वाचायला-लिहायला शिकायचा वर्ग घेतो. फी-बी काही नाही, ओळखीतल्या एकांच्या ट्यूशनची खोली तेव्हा रिकामी असते ती मिळालीय. येणारे सगळे कमावते, विशीपासून पन्नाशीपर्यंतचे. कुणी कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंगला, कुणी मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात, दोघी शिवणकाम करतात, एक दादा मिरजेला सतारीच्या भोपळ्यांना पॉलिश करतो (हो, सतारीच्याच, ऐकल्यावर आधी सगळे हसतात आणि त्याचं काम बघितल्यावर गप्प होतात).

आयएसएलमध्ये (इंडियन साइन लँग्वेज, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा) ही मंडळी एकमेकांशी जे काय फाडफाड बोलतात ते बघत बसावं असं असतं. गावातली भानगड असो, क्रिकेट असो, सुनेचं गाऱ्हाणं असो, सगळं बारकाव्यासकट. मी ऐकणारी, माझं साइन बऱ्यापैकी आहे, त्यांच्यासारखं नाही. मराठी शब्दही त्यांना बरेच येतात. अर्ज, दाखला, हप्ता, कागदपत्रे, मुदत, सगळं ओळखतात. छोटी वाक्यं पण येतात. पण वाक्याने जरा वळण घेतलं की गाडी रुळावरून खाली.

मागच्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं, 'कागदपत्रे ३० तारखेपर्यंत सादर न केल्यास अर्ज रद्द करण्यात येईल.' निम्म्या वर्गाने सांगितलं अर्ज रद्द झाला. दोघींनी सांगितलं, कागद ३० तारखेला दिले आणि अर्ज रद्द झाला, मग त्या माझ्यावरच उखडल्या की कागद दिले तर रद्द का केला, हा अन्याय आहे. आणि वेल्डिंगवाला दादा म्हणाला की कुणीतरी येणार आहे. शेवटी 'येईल' आहे ना, म्हणजे माणूस येईल. त्याला पूर्वी एक पत्र आलेलं, 'सदर बाबीची चौकशी करण्यात येईल', तेव्हा हा पठ्ठ्या कामावर खाडा करून घरात बसला होता, साहेब येतील म्हणून. चहाचं दूध पण आणून ठेवलेलं.

अजून एक सांगते, हे जास्त गंभीर आहे. पावसाळ्यात व्हॉट्सअपवर मेसेज फिरतात, 'आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी ४० फुटांवर गेल्यास नदीकाठच्या नागरिकांनी स्थलांतर करावे' या टाइपचे (आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल). गोदामातल्या काकांनी वाचलं, 'पाणी गेलं'. म्हणजे ओसरलं! ४० ला इशारा आणि ४५ ला धोका हे आकडे त्यांना आपल्यासारखेच पाठ आहेत, २०१९ चा पूर त्यांनी स्वतः भोगलाय, म्हणून आकडा बघून ते सावध झाले. वाक्य बघून नाही.

तर विचारायचं हे की सुरुवात कुठून करू? शाळेचं व्याकरणाचं पुस्तक आहे माझ्याकडे, कर्तरी-कर्मणी-भावे, विभक्तीचा तक्ता, काळ-अर्थ सगळं आहे, पण ते उघडलं की वर्गात जांभया सुरू. एक मैत्रीण म्हणते प्रत्येक प्रत्ययाला एकेक खूण ठरवून टाक, ने ला एक, ला ला एक, ल्यास ला एक. ते बरोबर आहे का? कुणी मोठ्या माणसांना शिकवलं असेल तर प्लीज सांगा, लहान मुलांचं सांगू नका, ते वेगळं असतं.

वाईची_बाई

ताई, मी कर्णबधिर मुलांना शिकवण्यात नोकरी काढली, आता रिटायर होऊन वाईला असते. मोठी माणसं पण शिकवलीत, माझेच जुने विद्यार्थी लग्नं-बिग्नं होऊन परत यायचे पत्र वाचून घ्यायला.

आधी तो तक्ता कपाटात ठेवा. प्रथमा द्वितीया पाठ करून कुणाला वाचता आलेलं मी बघितलं नाही, ऐकणाऱ्यांनाही नाही.

तुमची माणसं चुकतात ती कशीही चुकत नाहीत, त्यात पद्धत आहे. ती शब्द उचलतात आणि ज्या क्रमाने आलेत त्या क्रमाने गोष्ट लावतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात स्टीफन क्विग्ली आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी डेफ मुलांच्या इंग्रजीवर मोठं काम केलं, त्यात हेच दिसलं. ज्या मुलाने मुलीला मारलं तो घरी पळाला अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिलं तर मुलं सांगायची मुलगी पळाली, कारण इंग्रजीत 'पळाला'च्या लगेच आधी मुलगी येते. कर्मणी वाक्यात पण तसंच, आधी आला तोच कर्ता. आपल्या मराठीत याचा त्रास जास्त, कारण आपण शब्द कुठेही फिरवतो आणि सगळा भार शेवटच्या एका अक्षरावर टाकतो. बघा:

वाघाने माणसाला मारलं.
वाघाला माणसाने मारलं.

क्रम तोच, शब्द तेच. बदललं काय, तर ने आणि ला. ऐकणाऱ्या पोराच्या कानावर हे लाख वेळा पडलेलं असतं. तुमच्या काकांनी ते कधी ऐकलंच नाही, त्यांना ते शब्दाला लागलेलं जळमट वाटतं.

पण आता गंमत बघा. हाच फरक ते साइनमध्ये रोज करतात, एकदाही न चुकता. वाघ उजवीकडे ठेवतात, माणूस डावीकडे ठेवतात, आणि 'मार'चा हात ज्याने मारलं त्याच्याकडून ज्याला मारलं त्याच्याकडे जातो. म्हणजे कर्ता-कर्म त्यांच्या हातात आहेच, फक्त कागदावर ते कुठे लपलंय हे दाखवायचंय. मी जमिनीवर खडूने दोन गोल काढायची. एकात 'ने' एकात 'ला'. हात ने पासून निघतो, ला वर पोचतो. दे, दाखव, विचार, चिडव, मदत कर, फोन कर, ही सगळी क्रियापदं साइनमध्ये अशी चालणारी आहेत, त्यांच्यावरच सुरुवात करा. मोठ्या माणसाला दहा मिनिटांत कळतं आणि चेहरा बघण्यासारखा होतो.

मात्र एक लक्षात ठेवा, हा नियम सगळीकडे चालत नाही आणि ते तुम्ही आधीच सांगून टाकायचं, नाहीतर विश्वास उडतो. 'मला भूक लागली', 'काकांना चहा आवडतो' इथे हात कुठून निघणार? आणि 'मी आंबा खाल्ला', इथे मी ला ने च नाही. हे वेगळ्या पानावर घ्या, नंतर.

'न केल्यास'चं दुखणं वेगळं आहे. आयएसएलमध्ये नकार साधारणपणे शेवटी येतो, काम आधी, मग 'नाही', मान पण हलते, चुकायला जागाच नाही. आणि मराठी सरकारी वाक्यात नकार काय, तर मध्येच एक 'न'. एक अक्षर! तो त्यांना दिसतच नाही. म्हणून मी पहिल्यांदा लाल पेनाने फक्त 'न' शोधायला लावायची. जुने पेपर, नोटिसा, लाइटबिलाची मागची बाजू, काहीही घ्या आणि न शोधा. 'न भरल्यास', 'न आढळल्यास', 'न करता'. अर्थ नंतर. आधी डोळ्याला सवय.

लिंगाच्या मागे मात्र लागू नका. तो खुर्ची म्हणाले तर म्हणू द्या. खुर्ची पुल्लिंगी केली म्हणून कुणाचा अर्ज फेटाळला जात नाही, 'न' सुटला तर फेटाळला जातो.

घाई_नाही

व्याकरण शिकवण्यापेक्षा सोपा उपाय आहे ना. फोनने नोटिशीचा फोटो काढायचा, एआयला सांगायचं सोप्या मराठीत कर. दोन सेकंदात काम. माझे वडील ऐकणारे आहेत तरी त्यांना पण सरकारी पत्र कळत नाही, मी असंच करतो. पन्नाशीच्या माणसाला कर्मणी प्रयोग शिकवून काय मिळणार, उगाच त्यांना त्रास.

मिरज_लोकल

@घाई_नाही भावा, तुझं चुकीचं नाही पण अर्धंच हाय. माझे आई-बाबा दोघं पण डेफ, मी ऐकणारा. म्हणजे घरातला एआय लहानपणापासून मीच की. चौथीत असल्यापासून बँकेचं पत्र, शाळेचं पत्र, डॉक्टरचा कागद, समदं मी वाचून साइनमध्ये सांगायचो. आता मोबाईल आला म्हणून बाबा माझ्याऐवजी मोबाईलला विचारतात एवढाच फरक, विचारायला लागतं ते लागतंच. आणि सही करायची वेळ आली की समोरचा माणूस म्हणतो वाचा आणि सही करा, तिथं फोन काढून बसलं की लोक कसं बघतात ते मी बघितलंय. शिवाय उत्तर लिहायचं असेल तर? तक्रार अर्ज द्यायचा असेल तर?

ताई, तुमच्या मैत्रिणीच्या खुणांबद्दल. प्रत्येक प्रत्ययाला खूण ठरवली की होतं काय, ते साइन राहत नाही, मराठीच हातानं बडबडणं होतं. माझ्या आईच्या शाळेत एका सरांनी तसं केलेलं, आई अजून त्याची नक्कल करून हसवते. वाक्य संपेस्तोवर सुरुवात विसरायची म्हणे. पण वाचताना कागदावर बोट ठेवून तेवढ्यापुरती खूण करायला काय हरकत नाही. बोलायला नको, वाचायला चालतंय.

मी बाबांना 'करण्यात येईल' कसं शिकवलं सांगतो. एकच प्रश्न. कोण? साइनमध्ये कोण करणार हे सांगितल्याशिवाय वाक्य पुढं जात नाही, निदान आमच्या घरात तरी नाही. आणि सरकारी मराठीचं कामच हे की 'कोण' गायब करायचा. करण्यात येईल, कळवण्यात येईल, कारवाई केली जाईल. कोण करणार? काय पत्ता नाही. म्हणून 'ण्यात येईल' दिसलं की बाबा आता पेन्सिलनं त्यावर काट मारतात आणि वर लिहितात 'ऑफिस करणार'. चौकशी ऑफिस करणार. अर्ज रद्द ऑफिस करणार. बास. 'येईल'वाला माणूस आमच्याकडं पण येत होता हो, चहाचं दूध वाचून लई हसलो, बाबांना पण दाखवलं, ते म्हणाले त्या दादाला सांग मी पण बसलोय असा.

हात_बोलतात

मी डेफ आहे. कराड. साइन शिकवतो. इथे सगळे ऐकणारे आमच्याबद्दल बोलत आहेत, म्हणून लिहितो.

घाई_नाही, आम्हाला त्रास होईल हे तुम्ही ठरवू नका. मला वाचायचं होतं. तिसाव्या वर्षी शिकलो. त्रास झाला. चालतो.

विश्रामबाग ताई, तुम्हाला एक प्रश्न. तुम्ही फळ्यावर 'न केल्यास' लिहिलं आणि साइनमध्ये समजावलं, तेव्हा तुमच्या भुवया वर गेल्या का? आयएसएलमध्ये 'जर' हातात कमी, चेहऱ्यात जास्त. 'कागद देणार नाही' हे करताना भुवया वर, मान थोडी पुढे, मग थांबायचं. एक श्वास. मग भुवया खाली आणि 'अर्ज रद्द'. तो थांबा नसेल तर दोन वेगळ्या बातम्या झाल्या. कागद दिले नाहीत. अर्ज रद्द झाला. बरेच ऐकणारे शिक्षक हात छान करतात आणि चेहरा पासपोर्ट फोटोसारखा. मग डेफ माणसाला समजत नाही आणि शिक्षक म्हणतात याचं व्याकरण कच्चं आहे.

दुसरी गोष्ट. सगळे डेफ साइनमध्ये सारखे नाहीत. तुमच्या वर्गात कुणी डेफ आईवडिलांचं मूल असेल, त्याला साइन घरातून मिळालं. असे थोडेच असतात. बहुतेकांचे आईवडील ऐकणारे. शाळेत ओठ बघा, बोला, हात खाली. मग साइन मिळालं कधी? शाळा सुटल्यावर, पंधराव्या, अठराव्या वर्षी, दुसऱ्या डेफ मित्रांकडून. मी तसाच. ज्याला साइनमध्येच 'जर असं केलं असतं तर' नीट येत नाही त्याला ते मराठीत शिकवता येणार नाही. म्हणून आधी मराठी बाजूला ठेवा आणि साइनमध्ये विचारा. 'तू काल आला असतास तर काय झालं असतं?' उत्तर कसं देतो बघा. काल मी आलोच नव्हतो हे त्याला कळलंय का बघा. ज्यांना येतं त्यांना कागदावर न्या. ज्यांना येत नाही त्यांच्याशी खूप गप्पा मारा, साइनमध्ये, पत्ते खेळताना, क्रिकेट बघताना. 'कॅच घेतला असता तर.' हे ऐकणारी ताई करू शकणार नाही, डेफ माणूस पाहिजे. भोपळ्यावाला दादा करेल. त्याला वर्गात विद्यार्थी म्हणून नाही, शिक्षक म्हणून उभा करा. साइन शिकवायचा डिप्लोमा आहे, डीटीआयएसएल, तो डेफ लोकांसाठीच आहे. त्याला सांगा.

डिक्शनरीबद्दल कुणी विचारेल म्हणून. दिल्लीच्या आयएसएलआरटीसीने, म्हणजे साइनवर संशोधन आणि ट्रेनिंग करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये १०,००० शब्दांची केली, व्हिडिओ आहेत, चांगली आहे, वापरा. पण त्यात 'दाखला' शोधाल, 'न केल्यास' कुठे शोधणार? ते शब्दात नाही.

वाईची_बाई

हात_बोलतात सरांनी चेहऱ्याचं सांगितलं ते अगदी खरं, मी ते लिहायला हवं होतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये ते कधी शिकवलंच नाही, आम्हाला शिकवलं गेलं की हात चालू झाले की बोलणं बंद होतं. १८८० मध्ये मिलानला कर्णबधिर शिक्षणाची परिषद भरली, तिने ठरवलं शाळेत तोंडी बोलणंच हवं, आणि त्याची सावली आपल्या सातारा-सांगलीच्या वर्गांपर्यंत शंभर वर्षं पडली. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तो ठराव रीतसर नाकारला, पण तोपर्यंत माझी बरीचशी मुलं मोठी होऊन गोदामात कामाला लागलेली.

असो. आता ताईंसाठी एक धडा देते, हा मोठ्यांत हमखास चालतो.

गाईला मारणारा माणूस पळाला.
गाईने मारलेला माणूस पळाला.

'णारा' आणि 'लेला'. पेपरात सगळीकडे हेच असतं, 'पोलिसांनी पकडलेला', 'पैसे घेणारा', 'फसवणूक झालेली', आणि माणूस आरोपी की फिर्यादी हे या एका शेपटावर ठरतं. दोघांना उभं करा, एक गाय एक माणूस. बाकीच्यांनी दोन्हीपैकी कुठली चिठ्ठी दाखवली ते ओळखायचं. समजावू नका, फक्त चिठ्ठ्या बदलत राहा.

विश्रामबाग_संध्याकाळ

मंडळी, काल वर्ग झाला, लगेच लिहितेय.

भोपळ्यावाल्या दादाला पुढे उभं केलं. तो आधी नको नको म्हणाला, मग एकदा सुरू झाला तो थांबेना. मी भिंतीला टेकून बघत होते. त्याने 'जर' शिकवलं ते आमच्या नोटिशीवरून नाहीच, सासरवाडीवरून. 'तू सासरी जाणार', भुवया वर, थांबला, सगळ्यांकडे बघितलं, 'बायको खूश'. मग परत, 'जाणार नाही', भुवया वर, थांबला, आणि नुसतं तोंड केलं. खोली हसून लोळली. मग त्याने माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावरच्या 'न केल्यास'मधल्या 'न'ला गोल केला, 'ल्यास' खाली रेघ मारली, आणि त्या रेघेवर बोट ठेवून भुवया वर केल्या. बस. शिवणकामवाल्या दोघींपैकी मोठी ताई उठून फळ्याजवळ गेली, वाक्य पहिल्यापासून साइन केलं, 'कागद ३० पर्यंत देणार नाही', थांबली, 'ऑफिस अर्ज रद्द'. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, म्हणजे दिले तर रद्द नाही ना? मग मागच्या वेळी मी तुमच्याशी भांडले ते उगाच.

गाय पण केली. गोदामातले काका गाय झाले, डोक्याला बोटांची शिंगं, आणि वेल्डिंगवाल्याला खोलीभर पळवला. पण खरी मजा पुढे झाली. 'गाईने मारलेला' ही चिठ्ठी दाखवली तर जवळजवळ सगळे बरोबर, 'गाईला मारणारा'ला दोघे-तिघे तरी चुकत राहिले, कारण गाय आधी आली ना, म्हणजे गाईनेच मारलं. बाई म्हणतात तसंच. मग ने-लाचे गोल जमिनीवर काढले, गाईला 'ला'च्या गोलात उभी केली, तेव्हा काका स्वतःच म्हणाले, अरे मग मार मी खाल्ला! आणि पाय चोळत बसले.

हात_बोलतात सर, साइनमध्ये 'असता तर' विचारून बघितलं. तुमचं बरोबर निघालं, चौघांना ते साइनमध्येच घसरतं. दोन तरुण आणि दोन मोठे. त्यांना दादा आता वेगळे घेऊन बसणार आहे, मॅचचे व्हिडिओ लावून.

आता नवीन दुखणं. एका ताईंनी निराधार योजनेचा कागद आणलाय, त्यात आहे 'हयातीचा दाखला सादर केल्याशिवाय अनुदान जमा करण्यात येणार नाही'. इथे 'न' पण नाही शोधायला! शिवाय आणि नाही. त्यांनी वाचलं, दाखला दिला आणि पैसे मिळणार नाहीत.

मिरज_लोकल

हे 'शिवाय' लई बेकार हाय ताई. आईला अजून पण अडतं. मी दोन रांगांत लिहून देतो. दाखला दिला, पैसे येणार. दाखला नाही दिला, पैसे नाही येणार. आणि मग विचारतो, कागदात यातली कुठली रांग लिहिलीय? ती दुसरीवर बोट ठेवते. 'शिवाय' म्हणजे काय ते सांगायला गेलो की गोंधळ, दोन रांगा मांडल्या की बरोबर. आणि 'येणार नाही' बघून परत 'माणूस येणार नाही' वाचतील, तयारीत राहा.

वाईची_बाई

दोन रांगांची पद्धत चांगली आहे. त्यात एवढंच करा की रांगा तुम्ही लिहून देऊ नका, साइनमध्ये त्यांच्याकडून काढून घ्या आणि त्यांनाच लिहू द्या, कसंही लिहू देत. 'दाखला नाही पैसे नाही' एवढं लिहिलं तरी चालेल. मग त्याच्या शेजारी सरकारी वाक्य ठेवा आणि दोन्हीत काय कुठे गेलं ते बाणांनी जोडा. 'शिवाय' दिसलं की पहिल्या कामाला 'नाही' जोडायचा, हे बाणातून आपोआप दिसतं. पुढे 'खेरीज' पण येईल, ते त्याचंच भावंड, त्याच धड्यात घालून टाका. 'अन्यथा' मात्र आत्ता नको, ते वेगळंच प्रकरण आहे, तिथे 'नाही' कुठेच लिहिलेला नसतो आणि मनात धरायचा असतो. तो धडा एकटा, ताज्या डोक्याने, रविवारी.

घाई_नाही

ठीक आहे, मागे घेतो. पण मग एक करा, हे कागद शिकवायला घेताना नाव-नंबर खोडून ग्रुपवर टाका ना, मी सातारला आहे, आमच्याकडच्या नोटिसा पण पाठवतो. वडिलांच्या नावाने एक आलीय त्यात एका वाक्यात सात ओळी आहेत, पूर्णविराम शेवटी एकच. मला पण दोनदा वाचावी लागली.

हात_बोलतात

पाठवा. सात ओळीवाली पण पाठवा, तिचे तुकडे करायचा वेगळा धडा होईल.

ताई, मी पुढच्या रविवारी सांगलीला येतो, दादाला भेटायचं आहे. दोन गोष्टी सांगतो. खोलीतला ट्यूबलाइट तुमच्या पाठीमागे असेल तर बदला, चेहऱ्यावर अंधार पडला की भुवया दिसत नाहीत. आणि नोटिसा फोनवर दाखवू नका, झेरॉक्स मोठी करून आणा, दोन ओळींत जागा सोडून, म्हणजे मध्ये लिहिता येतं. पेन्सिली मी आणतो.